झाकली मूठ

ओडेट पेल्टिएर, अर्ज क्रमांक चार हजार एकशे सात.
जानेवारीतली संध्याकाळ, खिडकीबाहेर बर्फ निळा पडत चाललेला,
आणि माझ्या वाट्याला दिवसाला चाळीस मुलं,
एकेकाला बारा मिनिटं.

मेन राज्याच्या पार उत्तरेला तिची शाळा.
सप्टेंबरात तीन आठवडे बंद असते, बटाटे काढायला.
निबंधात तिनं लिहिलं होतं, पट्ट्यापाशी उभं राहून
दगड कुठला नि बटाटा कुठला
हातमोज्यातूनही कसं कळतं:
दगड बोटांतली ऊब ओढून घेतो,
बटाटा काही मागत नाही.
मी ती ओळ पिवळी केली.

मग गुणांची चौकट.
रिकामी.

आम्हाला शिकवलेलं असतं,
सॅटचे गुण आता ऐच्छिक आहेत,
न पाठवले तर ना अधिक, ना उणे.
ऐच्छिक. जसं प्रश्नपत्रिकेत असायचं,
खालीलपैकी कोणतेही तीन सोडवा.
पण पडलेल्या दाताच्या जागी
जीभ जातेच ना परत परत,
तशी माझी नजर.
रिकाम्या जागा भरायची सवय
इतक्या वर्षांत सुटलेली नाही.

चार हजार एकशे आठवर होता व्हिटेकर लॉसन.
पंधराशे तीस, तिसऱ्या खेपेला.
शिडाच्या होडीवरचा त्याचा निबंधही
बरा होता, खोटं कशाला बोलू.

समितीत कुणी वाईट बोललं नाही.
एकानं चष्मा पुसत एवढंच विचारलं,
गणित झेपेल का हिला?
झेपेल, मी म्हणाले.
कशावरून?
माझ्याजवळ एक दगड होता आणि एक बटाटा.
प्रतीक्षायादी, असं ठरलं.
पुढचा अर्ज.

मे महिन्यात मी गाडी काढून तिकडे गेले,
दरवर्षी जाते तशी, माहितीपत्रकांचं खोकं घेऊन.
समुपदेशक थिबोडो यांची खोली म्हणजे
अर्धी बास्केटबॉलची अडगळ.
एक चेंडू पायानं बाजूला सारत ते म्हणाले,
तेराशे दहा होते तिला.
कुणाला?
ओडेटला. अकरा वर्षांत या शाळेत
इतके कुणाला पडले नाहीत.
इथलं परीक्षा केंद्र बंद झालंय,
बापानं पहाटे साडेतीनला ट्रक काढला होता,
पुढे बर्फ सारणारी गाडी, तिच्यामागून हळूहळू.
मग तिनं तुमचं पत्रक पाहिलं.
प्रवेश मिळालेल्यांची सरासरी चौदाशे साठ.
तिनं वजाबाकी केली.
मी म्हटलं, पाठव गं.
तर हसली. म्हणाली,
न मागितलेलं कशाला सांगायचं?

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
हिच्या मुठीत सव्वा लाख खरोखरच होते
आणि मी बाहेरून
बोटं मोजत बसले होते.

ते पत्रक मीच लिहिलं होतं.
चौदाशे साठ हा आकडा ठळक करावा
ही सूचनाही माझीच.

दुपारी व्यायामशाळेत टेबल मांडलं.
ती आली, उंच, बाह्या दुमडलेल्या,
एक पेन उचललं, परत ठेवलं.
प्रतीक्षायादी किती लांब असते हो?
मला माहीत नाही, मी म्हणाले.
ते खरं होतं.
गुण अजूनही पाठवता येतील,
हे सांगायला तोंड उघडलं
तोवर तिच्यामागून दोन मुलं पुढे सरकली,
मोफत पेनं खरंच मोफत आहेत का विचारत,
आणि ती दाराशी पोचली होती.

रात्री थिबोडोंना लिहिलं.
आज लिहिते आहे तोवर उत्तर नाही.

निघताना त्यांनी गाडीत एक पिशवी टाकली होती,
तळघरात ठेवलेले गेल्या हंगामाचे बटाटे.
शेताच्या कडेला वेचलेल्या दगडांची रास दिसली तशी मी थांबले.
हातमोजे चढवले.
एका हातात हा, एका हातात तो,
डोळे मिटून उभी राहिले बराच वेळ.
मागून एक ट्रॅक्टर गेला, कुणीतरी हात केला असावा.

दोन्ही सारखेच गार लागत होते.